मार्थाला पोहता येत होतं

“शेवटी? शेवटी ती बुडून मरते,” देवयानी म्हणाली. “अजून काही विचारायचंय, बाई?”

उजागरे बाईंच्या हातातली कपबशी होती तिथंच थांबली.

आतल्या खोलीत खाट करकरली.

“कोण मेलं गं?” आतून एक म्हातारा, चिरका आवाज आला. “कोण बुडून मेलं?”

बाईंनी कपबशी खाली ठेवली आणि त्या देवयानीकडे बघत राहिल्या. एखादं पोर शेजाऱ्याच्या घरावर धोंडा भिरकावतं आणि काच फुटल्यावरही हसत उभं राहतं, त्या पोराकडे बघावं तसं.

देवयानी खरंच हसत होती. उत्तर बरोबर आलं होतं ना!

ही देवयानी म्हणजे मिरजेतल्या हिरेमठ औषधवाल्यांची धाकटी. दहावीला इंग्रजीत शाळेत पहिली. आता अकरावीला आर्ट्स घेणार, त्यात इंग्रजी साहित्य घेणार, म्हणून हटून बसलेली. घरात महिनाभर नुसती आदळआपट. वडिलांचं म्हणणं, सायन्सची जागा हातात आलीय, ती सोडायची म्हणजे चालत्या गाडीतून उडी मारायची. शेवटी त्यांनीच तोड काढली.

“मिशन कंपाउंडमध्ये उजागरे बाईंकडे जा. त्यांनी शिकवायचं कबूल केलं तर घे तुझं साहित्य. नाही केलं, तर आज संध्याकाळीच सायन्सला नाव घालायचं. पुन्हा तोंड उघडायचं नाही.”

ही तोड त्यांनी उगीच काढली नव्हती. बाई कॉलेजातून निवृत्त झाल्यापासून सहसा कुणाला घेत नाहीत, हे गावाला ठाऊक होतं. डॉक्टरांची पोरं त्यांच्या दारातून परत गेली होती. प्राचार्यांची भाची रडत परत गेली होती.

देवयानीला मात्र धास्ती नव्हती. तिनं सुट्टीतच वरच्या वर्गातल्या एका मुलीचं गाइड आणून सगळं पाठ करून टाकलं होतं. कादंबरीचा सारांश, पात्रांचे स्वभाव, कुठल्या प्रश्नाला किती मुद्दे, कुठल्या मुद्द्याखाली रेघ मारायची. आता या गाइड नावाच्या वस्तूबद्दल बोलायचं, तर आंबा दुसऱ्यानं खावा, त्याची चव कागदावर लिहून द्यावी, आणि आपण तो कागद वाचून ढेकर द्यावा, त्यातली गत. पण सगळा मुलूखच ढेकर देत बसला होता, तर या एकट्या पोरीला काय नावं ठेवायची?

नेमलेली कादंबरी चांगली चारशे पानांची. मार्था नावाची एक बाई नदीवर होडी चालवते, माणसं अल्याडपल्याड करते. तिच्या होडीवर आणि तिच्या घाटावर गिरणीवाल्याचा डोळा असतो. गाइडानं ती साडेतीन पानांत उरकली होती.

बाईंनी एकच प्रश्न केला होता. शेवटी मार्थाचं काय होतं?

आणि देवयानीनं एका दमात उत्तर दिलं होतं.

“अगं ए, कुणी सांगतंय का मला?” आतून पुन्हा हाक आली.

“ही माझी थोरली बहीण,” बाई हलक्या आवाजात म्हणाल्या. “अक्का. तिचे पाय गेले, डोळे गेले. दुपारी मी तिला हीच कादंबरी मराठी करून वाचून दाखवते. होळीपासून. काल गिरणीवाल्यानं मार्थाची होडी फोडली. काल ही जेवली नाही.”

देवयानीचं हसू अर्धवट राहिलं.

“पण बाई… ती कादंबरी आहे.”

“हो का?”

“म्हणजे… खरी मार्था कुणी नाहीच ना.”

“हे मला कशाला सांगतेस? आत जा. तिला सांग.”

“मी?”

“बातमी कुणी आणली?”

“…मी.”

“मग ज्यानं आणली त्यानं सांगायची. मी चहा गाळते.”

आतली खोली लहान होती, पडदे ओढलेले. खाटेवर एक वाळकी, उंच बाई उशीला टेकून बसली होती. डोळे भलतीकडेच लागलेले. हात मात्र बरोबर दाराकडे पुढं आला.

“कोण तू?”

“देवयानी. हिरेमठांची.”

“औषधवाल्या हिरेमठांची? अगं, तुझ्या आजीची बाळंतपणं मी केलीत. तुझा बाप माझ्या हातात रडला पहिल्यांदा. बस इथं.”

देवयानी खाटेच्या कडेला टेकली.

“मार्था मेली म्हणालीस?”

“…हो.”

“आमची? होडीवाली?”

“हो, अक्का.”

अक्कांनी पदर डोक्यावर ओढून घेतला. हात जुळवले. ओठ हलले, आवाज आला नाही. देवयानीनं चुळबुळ केली. कुणाच्या घरी भेटायला जावं आणि तिथं नेमकं मयताचा निरोप्या होऊन उभं राहावं लागावं, तसं तिला झालं.

मग अक्कांनी मान वर केली.

“बुडून?”

“हो.”

“खोटं.”

“अं?”

“तिला पोहता येतं.”

गाइडात पोहण्याचं काही नव्हतं.

“गारढोण पाण्यातून कोकरू खांद्यावर घेऊन पोहत आली होती ती. अगदी सुरुवातीला. वाचलं नाहीस?”

“…वाचलं ना.”

“मग? पट्टीची पोहणारी बाई बुडते कशी? हे बघ पोरी, मी जन्मभर दवाखान्यात मेलेली माणसं पुसलीत. मेली म्हणून मला कुणी सांगायला नको. कशी मेली, ते सांग.”

देवयानीनं घसा साफ केला. हा प्रश्न तिला येत होता. मोठ्या प्रश्नांत पहिलाच होता.

“मार्थाच्या शोकांतिकेला नियती कारणीभूत आहे. नियती तिला पदोपदी—”

“नियती कोण? गिरणीवाल्याची बायको का?”

बाहेर बाईंना ठसका लागला.

“नाही अक्का. नियती म्हणजे… नशीब.”

“मग नशीब म्हण की सरळ! आणि नशिबानं पाय धरून ओढलं का तिला? काहीतरीच. त्या गिरणीवाल्यानंच ढकललं असणार. मुडदा बशिवला त्याचा! होडी फोडून पोट भरलं नाही मेल्याचं.”

देवयानीला हायसं वाटलं. तिसरा मुद्दा! गिरणीवाल्याच्या क्रूरपणामुळे मार्थाचा करुण अंत होतो.

“हो, अक्का. त्याच्यामुळेच.”

“ढकललं?”

“हो… म्हणजे, तसंच.”

“तसंच म्हणजे? ढकललं असं लिहिलंय? तू वाचलंस?”

पोरीनं खाली बघितलं. अक्कांना दिसत नव्हतं, हे तिला ठाऊक होतं. तरी तिला वाटलं, बघतायत.

दारात बाई उभ्या होत्या. त्यांच्या हातात चहा नव्हता, पुस्तक होतं. खाकी कव्हर घातलेलं, पाठ सुटलेलं, दोऱ्यानं बांधलेलं. त्यांनी दोरा सोडला आणि पुस्तक देवयानीच्या मांडीवर ठेवलं.

“शेवटचं प्रकरण. वाच.”

“इंग्रजीत?”

“तिला मराठीत सांग. एकेक वाक्य. घाई नको, आम्हाला कुठं गाडी पकडायचीय?”

“अगं, मधलं सगळं राहिलंय की,” अक्का कुरकुरल्या.

“मधलं उद्या. आज कळलं नाही तर तू पुन्हा उपाशी झोपशील.”

देवयानीनं पुस्तक उघडलं. पानांना जुन्या कपाटाचा वास. कुठं रेघ नाही, कुठं मुद्दा नाही, कुठं ठळक अक्षर नाही. नुसत्या ओळीमागून ओळी, शेत नांगरून ठेवावं तशा. क्षणभर तिला कळेना, यातलं महत्त्वाचं कुठलं.

पण पोरगी इंग्रजीत पक्की होती, हे कबूल करायला हवं. ती वाचू लागली, आणि सांगूही लागली.

“सकाळ झालीय. नदीला पूर आलाय. पूल वाहून गेलाय. दोन्ही काठांवर गाव जमलंय.”

“हं.”

“गिरणीत पाणी शिरलंय. गिरणीवाला आत गेलाय. त्याची पैशाची पेटी आत राहिलीय.”

“जाणारच. जीव त्या पेटीत.”

“…आणि भिंत कोसळते. तो पाण्यात पडतो.”

“बरं झालं!” अक्कांनी गुडघ्यावर थाप मारली.

देवयानीलाही बरं वाटलं. इतकं बरं, की तिचं तिलाच नवल वाटलं. साडेतीन पानांत या माणसाचा तिला कधी राग आला नव्हता.

“तो ओरडतोय. सगळे नुसते बघतायत. त्याचे गडी उभे आहेत. त्याचा जावई उभा आहे. कुणी पाण्यात उतरत नाही.”

“उतरतील कशाला? कुणाचं बरं केलंय त्यानं? पुढं.”

देवयानीची नजर पुढच्या ओळीवर गेली.

आणि थांबली. तिनं ती ओळ पुन्हा वाचली. आपण काहीतरी चुकीचं वाचतोय, असं तिला वाटलं. असं तिला इंग्रजीत कधी वाटलं नव्हतं.

“पुढं काय गं?”

“मार्था… मार्था पायातले जोडे काढते.”

“का?”

“…पाण्यात उतरते.”

“कुणासाठी?”

अक्कांचा हात चादरीवरून सरकत आला आणि देवयानीच्या मनगटावर बसला.

“त्याच्यासाठी?”

“हो.”

“होडी फोडली त्यानं तिची!”

“हो, अक्का.”

“हिवाळाभर उपाशी ठेवलं तिला!”

“…हो.”

अक्का कुणीतरी थोबाडीत मारावी तशा बसून राहिल्या.

“त्यानं ढकललं नाही…” त्या पुटपुटल्या. “आपल्या पायांनी गेली…”

देवयानीच्या कानांत गुं गुं व्हायला लागलं. गिरणीवाल्याच्या क्रूरपणामुळे मार्थाचा करुण अंत. हे वाक्य तिनं आरशासमोर म्हटलं होतं, अंघोळ करताना म्हटलं होतं, आज इथं येताना रिक्षात म्हटलं होतं. कुठल्याही परीक्षकानं त्याला पैकीच्या पैकी दिले असते. आणि ती बाई तर तिकडं काठावर जोडे काढत होती.

तिनं बाईंकडे बघितलं. बाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. चेहऱ्यावर काही नाही. रागही नाही.

“थांबलीस का?” अक्का म्हणाल्या. “पोहोचली का ती?”

“पोहोचली. तो… तो तिच्या गळ्याला मिठी मारतो. दोन्ही हातांनी.”

“मारणारच. बुडणारं माणूस तेच करतं. त्याला आई कळत नाही न् बाप कळत नाही.” अक्कांच्या आवाजात एकदम दवाखाना आला. “आता हात सोडवायला पाहिजेत. नाही सोडवले तर दोघं जातात. तिला माहीत आहे गं ते! तिच्या बापानं शिकवलंय. करंगळी धरायची आणि उलटी पिळायची. कसाही रेडा असू दे, हात सुटतो. वाच, वाच. पिळते ना करंगळी?”

देवयानीला हे माहीत होतं. पुस्तकातून नव्हे.

कृष्णेच्या घाटावर पाठीला भोपळा बांधून ती पोहायला शिकली होती. मागच्या उन्हाळ्यात भोपळ्याशिवाय पोहताना आतेभाऊ दमला आणि त्यानं तिचा गळा धरला. तिला कुणी काही शिकवलं नव्हतं. तिच्या हातांनी आपले आपणच त्याची बोटं उपसून काढली, पायांनी त्याच्या छातीवर लाथ मारली. घाटावरच्या माणसांनी त्याला बाहेर ओढलं. सगळे म्हणाले, देवी, शाबास, डोकं ठिकाणावर ठेवलंस. पण डोकं कुठं होतं तेव्हा? डोकं नव्हतंच. नुसते हात होते. नाकात पाणी, डोळ्यांपुढं हिरवं, आणि हात आपले आपण चालतायत. त्यांना थांब म्हणणारं कुणी आत शिल्लक नसतं.

तिनं पुढची ओळ वाचली.

ओळ लहान होती. पाचसहा शब्द. त्यात एकही अवघड शब्द नव्हता.

तिनं तोंड उघडलं.

…

“अगं?”

…

“वाच की, पोरी. माझा जीव टांगलाय इथं.”

देवयानीच्या मनगटावरची अक्कांची बोटं घट्ट झाली. तिनं पुन्हा त्या ओळीकडे बघितलं. ओळ तशीच होती. असं कुणी करू शकत नाही, हे तिला ठाऊक होतं. आणि तिथं लिहिलं होतं.

“मला… मला येत नाही,” ती म्हणाली.

बाहेर स्कूटर थांबली. फाटक वाजलं. हिरेमठ आले ते बोलतच आले.

“काय बाई, झाली का परीक्षा? म्हटलं जाता जाता विचारून जावं. कॉलेजचं ऑफिस पाचला बंद होतं…”

ते दारात आले आणि थबकले. मुलगी खाटेवर पुस्तक मांडीवर घेऊन बसली होती. रडत नव्हती. रडली असती तर त्यांना कळलं असतं काय करायचं ते. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पोलिसानं घरी येऊन काही सांगितल्यावर माणसांचा पडतो तसा.

“काय गं? काय झालं? बाई, काय झालं हिला?”

“एका वाक्याला अडलीय,” अक्का म्हणाल्या. “येत नाही म्हणते.”

“इंग्रजी वाक्य? हिला?” हिरेमठ हसलेच. मग पुढं झाले, चष्मा कपाळावर सारला आणि मुलीच्या खांद्यावरून वाकले. “कुठलं? हे?”

देवयानीनं त्या ओळीवर हात ठेवला. झाकल्यासारखा.

त्यांनी तो बाजूला केला, आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव वाचावं तसं खाडकन वाचून टाकलं.

“‘तिनं त्याचे हात सोडवले नाहीत.’ हे? अगं, एवढं येत नाही तुला? पाचवीतलं पोर सांगेल!”

अक्कांनी देवयानीचं मनगट सोडलं. त्या हळूहळू भिंतीकडे वळल्या आणि पदर तोंडावर घेतला.

हिरेमठांनी एकीकडून दुसरीकडे बघितलं. काहीतरी झालंय, एवढं त्यांना कळलं. काय, ते कळेना. पण पाच वाजत आले होते.

“बरं…” ते म्हणाले. आवाज थोडा खाली आणून, पण त्यातला आनंद काही त्यांना लपवता आला नाही. “मी आधीपासून म्हणत होतो, बाई. गुण मिळणं वेगळं आणि हे वेगळं. इतक्या सोप्या वाक्याला जी अडते, तिनं साहित्य काय करायचं? चल देवी, ऊठ. सायन्सला नाव घालून येऊ.”

देवयानी उठली नाही. तिनं वडिलांकडे बघितलंच नाही. ती त्या ओळीकडेच बघत होती.

उजागरे बाई पुढं झाल्या. पुस्तक त्यांनी घेतलं नाही. फक्त हिरेमठ आणि खाट यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या.

“अडली ना?” त्या म्हणाल्या. “मग राहू दे तिला माझ्याकडे.”